दुसरा हात पोचत नाय

तोंडी परीक्षेचा शेवटचा विद्यार्थी आत आला, तेव्हा नथानियल सरांची पाठ भरून आली होती. रोह्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्याचं त्यांचं हे एकोणतिसावं वर्ष. शेजारचे बाहेरून आलेले परीक्षक सारखे घड्याळ बघत होते. त्यांना पनवेलची एसटी गाठायची होती.

केरू म्हात्रे समोर बसला. पस्तिशीचा गडी, पेणच्या खाडीकाठचा. शिफ्ट संपवून कंपनीतून थेट आलेला, डोळे लाल. पदवी मिळाली तर प्लँटवरून लॅबमध्ये घेणार होते. ही त्याची तिसरी खेप, आणि शेवटची.

"कार्बन डबल बाँड सहज करतो," परीक्षकांनी विचारलं. "आवर्तसारणीत त्याच्याच खालचा सिलिकॉन का करत नाही?"

केरूचे ओठ हलले, शब्द आला नाही. सरांना उत्तराची ओळ पाठ होती. दरवर्षी तीच ओळ, त्याच जागी थांबून, ते मुलांना उतरवून देत. आता मध्ये बोलायची त्यांना मुभा नव्हती, आणि खरं तर त्राणही नव्हतं. परीक्षकांनी पेन उचललं.

"शब्द आठवत नाय," केरू म्हणाला. "पण कसं होतं ते सांगू?"

"सांगा. लवकर."

"मी नि माझी बायको हौसा, मिठागरावर समोरासमोर आलो. मोकळे असलो तर जवळ जाऊन दोन्ही हात धरता येतात. तो कार्बनचा डबल बाँड. आता समजा, दोघांच्या पोटाला मिठाचं पोतं बांधलंय. लांबच उभं राहायला लागतं. समोरून एक हात ताणून पोचतो. दुसरा बाजूनं घालायला जावं, तर पोचत नाय, पोती आड येतात. सिलिकॉनचा अणू तसा. मोठा, नि आत इलेक्ट्रॉनची भर जास्त."

"म्हणजे कधीच होत नाही?"

"जोर करून होईल. टिकायला कठीण. म्हणून तो चार ऑक्सिजनना एकेक हात देतो. ते पुढच्या सिलिकॉनला. असं जाळं होतं, त्याची वाळू. कार्बनचं तसं नाय. तो दोन ऑक्सिजनना दोन-दोन हात देऊन भागवतो, नि वायू होऊन उडून जातो."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"सरांनीच," केरू चटकन म्हणाला.

सरांनी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

"मी नाही शिकवलं," ते म्हणाले. "मी फक्त उतरवून दिलं."

परीक्षकांनी गुण मांडले. सरांनी तिरक्या नजरेनं पाहिलं. केरू सुटला होता.

परीक्षक बॅग घेऊन निघाले. केरू पाया पडायला वाकला, तसं सरांनी त्याला दंडाला धरून उभं केलं.

"सोमवारी अर्धा दिवस रजा काढ," ते म्हणाले. "मुलांना हा धडा तू सांग. मी मागच्या बाकावर बसतो."