साभार परत

“राजाची दया समुद्रासारखी असते,” न्यायाधीश म्हणाले. “तिला किनारा नसतो.”

एवढं बोलून त्यांनी पुदिन्याची आणि सतापाची हिरवी जुडी नाकाला लावली. समोरच्या कठड्यात लंडनच्या न्यूगेट तुरुंगातून आणलेल्या बायका उभ्या होत्या, आणि त्यांच्या वासालाही किनारा नव्हता.

दया अशी होती: येत्या बुधवारची फाशी माफ, त्याऐवजी जन्मभराचं काळं पाणी, सातासमुद्रापार न्यू साउथ वेल्सच्या वसाहतीत. जिचं नाव पुकारलं जाईल तिने गुडघे टेकायचे आणि ‘दया स्वीकारली’ असं तोंडाने म्हणायचं. म्हटल्याशिवाय दया लागू होत नसे. दोघींनी म्हणून टाकलं होतं. तिसरं नाव हेप्झी ट्रॉटचं. गुन्हा: धोब्यांच्या कुरणावर वाळत घातलेल्या दोन चादरी.

“नको,” हेप्झी म्हणाली.

न्यायाधीशांनी जुडी खाली घेतली. “काय नको?”

“दया, हुजूर. राजेसाहेबांना आभार सांगा. बुधवारचं ठरलंय तेच राहू द्या.”

कारकुनाने उगाच दोन-चार जाड पुस्तकं उघडून पाहिली. राजाने दिलेली दया कुणी नाकारली तर काय करायचं, हे एकातही नव्हतं. ती कुणी नाकारील असं पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या मनातच आलं नव्हतं.

“अगं भवाने, घे की मुकाट्यानं!” कठड्याच्या टोकाकडून आवाज आला.

ही पेल मावशी, चादरींच्या चोरीतली जोडीदारीण. दात पडलेले, गुडघे गेलेले. वसाहतीला राबणाऱ्या बायका हव्या होत्या. तेव्हा मावशीचं नाव दयेत नव्हतं. तिचा बुधवार कायम होता.

“मी आज मेले काय नि उद्या मेले काय,” मावशी म्हणाली. “तू जा.”

“तू गप्प बस, मावशी. तुला कुणी विचारलंय?”

“मला कधी कोण विचारतं!”

“शांत!” न्यायाधीशांनी मेजावर हात आपटला. “पोरी, फास म्हणजे काय, ठाऊक आहे का तुला?”

ठाऊक होतं. न्यूगेटच्या भिंतीबाहेरच तो टांगत, आणि गर्दीत उभी राहून आल्याचा गोड पाव खात हेप्झीने तो पाहिला होता. तिने कठडा दोन्ही हातांनी धरला. कठडा भक्कम होता, म्हणून अब्रू राहिली.

“हुजूर, त्या दिवशी माझा पाय वाळवणाच्या दोरीत अडकला. मावशी तोवर कुंपणापलीकडे पोचली होती. तिथून ती परत आली. ते तसले गुडघे घेऊन परत आली. आम्ही जोडीनं जातो, जोडीनंच येतो. धंद्याची रीत आहे.”

न्यायाधीश हसले. “चोरांना रीत असते?”

“आमच्यात असते. बाकीच्या धंद्यांचं मला ठाऊक नाही.” मग तिने मान वर केली. “तुम्हीच म्हणालात, दयेला किनारा नाही. मग मावशी कुठल्या किनाऱ्यावर राहिली?”

बाजूच्या बाकावरच्या पंचांपैकी कुणीतरी हसलं आणि घाईघाईने खोकलं.

एवढ्यात आधीच्या दोघींपैकी एक उठली. “तसं असेल तर हुजूर, माझीपण घ्या परत.” तिला पाहून दुसरी उठली. ती रडत होती, पण उठली.

न्यायाधीशांनी जुडी नाकाला लावली, पण तिचा वास येईना. वरच्या मजल्यावर त्यांचं जेवण वाढायला घेतलं होतं आणि भाजलेल्या मांसाचा घमघमाट जिन्याने खाली उतरत होता. संध्याकाळी रस्त्यावर या प्रकारावर छापलेली काय गाणी विकायला येतील तेही त्यांना दिसलं: राजाची दया साभार परत. त्यांनी लेखणी मागवली.

“पेल हिची फाशी तहकूब,” ते लिहिता लिहिता म्हणाले. “दयेसाठी शिफारस.”

न्यायाधीशांची शिफारस राजा कधी मोडत नसे. वाचतही नसे.

“त्याच बोटीवर?” हेप्झीने विचारलं.

“त्याच बोटीवर.”

“तेही लिहा, हुजूर. आणि वाचून दाखवा.”

त्यांनी लिहिलं. वाचून दाखवलं. इतक्या आज्ञाधारकपणे त्यांनी लग्नानंतर प्रथमच काही केलं असावं.

हेप्झीने गुडघे टेकले. खरं तर ते केव्हाचेच टेकायला निघाले होते.

“दया स्वीकारली,” ती म्हणाली. “दोघींची.”

दाराशी उभ्या असलेल्या तुरुंगाच्या शिपायाने टोपी काढली आणि आपण ती का काढली हे न कळून परत घातली. आधीच्या दोघी खाली बसल्या. न्यायाधीश उठले, झगा सावरला आणि जिन्याकडे वळले.

“हुजूर,” मावशी म्हणाली.

“आता काय?”

“मला बोट लागते, हुजूर. टेम्स ओलांडतानासुद्धा मळमळतं.” तिने वाकडं बोट पुढे केलं. “तो हातातला पाला... वर जेवताना लागणार नसेल, तर...”