वकिलातीची खिडकी

वच्छलाबाईंनी स्वयंपाकघराची खिडकी उघडली, चष्मा चढवला आणि गजांबाहेर ओट्यावर उभ्या असलेल्या सुनेला विचारलं, "नाव काय तुमचं?"

"तनुजा. आई, तुम्ही मला 'अगं तनू' म्हणता."

"आई घरात असते. मी अमेरिकेची साहेब आहे."

रात्रीच्या गाडीनं तनुजा मुंबईला निघणार होती. सकाळी वकिलातीत मुलाखत. पास झाली की ग्रीन कार्डाची वाट मोकळी आणि ती नवऱ्याकडं, टेक्सासला. शिवराज लग्नाची रजा संपताच परत गेला, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून घरात सासू-सून दोघीच. लग्न खरं की कार्डापुरतं, हे तिथले साहेब खोदून खोदून विचारतात म्हणे. म्हणून ही तालीम. घरच्या साहेबांनी तिला आतापर्यंत दोनदा नापास केलं होतं. एकदा उत्तर चुकलं म्हणून, एकदा चहात साखर कमी पडली म्हणून.

"नवरा कोणत्या कुशीवर झोपतो?"

"माहीत नाय. फोनमधी ते उभेच असतात."

"उजव्या," साहेब हळूच म्हणाल्या. "पोटात होता तेव्हापासून. पाठ करा. फोटो दाखवा."

तनुजानं गजांतून फोटो आत दिले. लग्नातला, दौलताबादच्या किल्ल्यावरचा, विमानतळावरचा.

"ही मधी बाई कोण? सगळ्याच फोटोत?"

"सासूबाई. त्यांना बाजूला व्हा म्हणायला कुणी धजलं नाय."

साहेबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "लई जाड दिसतीय."

तेवढ्यात शेजारच्या गीताबाई रिकामी कळशी घेऊन आल्या. "वच्छलाबाई, कळशीभर पाणी द्या की. आमची टाकी संपली, अन् नळ तर परवा येणार."

"रांगेत थांबा."

गीताबाई तनुजाच्या मागं रांगेत थांबल्या.

"सध्या कुणासंगं राहता?"

"सासूबाईंसंगं."

"त्या कोणत्या कुशीवर झोपतात?"

"डाव्या," तनुजा लगेच म्हणाली. "उजवा खांदा दुखतो. झोपेत बैलांना शिव्या देतात. बैल कधीच विकलेत. मग मी उठून सांगते, बैल गोठ्यात गेले, आई. तेव्हा गप्प होतात. सकाळी म्हणतात, मी कुठं काय बोलले?"

गीताबाईंना हसू फुटलं. खिडकीत कुणी हसलं नाही.

"मग तुम्ही गेल्यावर बैल गोठ्यात कोण घालणार?" साहेबांनी विचारलं. "त्याचा कागद आणलाय का?"

तनुजानं हातातली फाईल उगाच चाळली. "नाय आणला."

"मग उद्या या."

"उद्या मी मुंबईत असते, आई."

"साहेब जेवायला गेले."

खिडकी लागली. आतून कडीही लागली.

"लई कडक आहेत गं," गीताबाई पुटपुटल्या.

आत नळ सोडल्याचा आवाज आला. पुरता सोडलेला. गीताबाईंनी हातातल्या कळशीकडं पाहिलं, मग तनुजाकडं. पाण्याचा दिवस परवा होता. कोरडा नळ नुसताच खरखरत राहिला आणि त्याच्या आडून साहेबांचं रडणं सगळं ऐकू येत राहिलं.