टाळ थांबले तेव्हा

व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात माझं चित्र लागणार होतं, चित्रासमोर बाबांचं कीर्तन. बोलावणं दोघांनाच होतं. तिकिटं काढताना आई म्हणाली, “मीबी येते.” “तुले काहून वं? विमानाची भीती वाटते ना?” मी विचारलं. “टाळ कोण धरन?” “तिले नावेत फिरायचं असन, पोरी,” बाबा हसले. आई हसली नाही. आयोजकांना पाठवायच्या व्हिडिओसाठी बाबा गाऊ लागले, आई नेहमीसारखी मागे. टाळांमुळे शब्द नीट येईनात, म्हणून मी टाळ थांबवले. तेव्हा आईचं पुटपुटणं ऐकू आलं. प्रत्येक ओळीचा पहिला शब्द ती बाबांना सांगत होती. मी ओठांवर बोट ठेवलं. आई गप्प झाली. चाळीस वर्षं गायलेल्या अभंगात बाबा थांबले. “पुढे काय वं?” त्यांनी तिला विचारलं. मग माझ्याकडे वळून माझं नाव घ्यायला तोंड उघडलं, आणि पुन्हा आईकडे पाहिलं.