कळवणारा

“फळी हलत होती, तर आधी का नाही सांगितलंत?” बांधकामाच्या नोंदी सांभाळणाऱ्या मृणालिनीने विचारलं.

परांचीवरून पडून मोडलेला हात सावरत लिंबाजी मिस्त्री म्हणाले, “मागं सांगितलं होतं, मॅडम. तुमच्या कॉम्प्युटरनं माझंच नाव ‘कामगाराची चूक’मध्ये घातलं. परत कोण तोंड उघडतंय?”

तिने बांधकामाचं सॉफ्टवेअर उघडलं. धोका कळवणाऱ्या चारशे बारा नोंदी त्या एकाच वर्गात होत्या, कारण यादीत दुसरा वर्गच नव्हता. यादी तिनेच केली होती, घाईघाईत.

तिने ‘टळलेला अपघात’ असा नवा वर्ग काढला आणि छोटासा प्रोग्राम लिहून सगळ्या नोंदी तिकडे हलवल्या. मग मिस्त्रींची नोंद उघडून पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांच्या नावापुढे आता चुकीऐवजी ‘कळवणारा’ होतं. मिस्त्रींनी तो शब्द अक्षर लावून वाचला.

सोमवारी ते हात गळ्यात बांधूनच देखरेखीला आले. तासाभरात त्यांचा फोन. “मॅडम, सातव्या मजल्यावर परांचीची दोरी सुटलीय. माणसं उतरवलीत मी.” मग म्हणाले, “कळवणारा म्हणून माझं नाव घाला. बापाच्या नावासकट, पूर्ण.”