दीडपट अक्षर

"वाचा, सिस्टर. अगदी सावकाश वाचा," साहेब म्हणाले आणि आपली खुर्ची त्यांनी स्वतः मागे सरकवून दिली.

सिस्टर बसली नाही. पर्स पोटाशी धरून ती उभ्यानेच साहेबांच्या स्क्रीनवर वाचू लागली. खाट क्रमांक, रुग्णाचं नाव, औषध, वेळ. एकही ओळ न अडखळता तिने वाचून काढली आणि तिचा चेहरा उतरला.

"इथे तर स्वच्छ दिसतंय," ती म्हणाली. "वॉर्डातल्या नव्या स्क्रीनवर अक्षरांच्या मुंग्या होतात हो. ब्राउझरमध्ये झूम केलं की अक्षर मोठं होतं, पण खाट क्रमांकाचा रकाना कडेला कापला जातो. मग अंदाजाने ओळ धरायची. तशीच धरली त्या रात्री."

त्या रात्री एका खाटेचं औषध शेजारच्या खाटेच्या नावावर चढलं होतं. रुग्ण निभावला, पण सिस्टरची नोकरी टांगणीला लागली होती. प्रोग्रॅममध्ये दोष निघाला तर ती सुटणार होती, नाही निघाला तर घरी जाणार होती. हे ठरवायला रुग्णालयाचे अधीक्षक तिला सोबत घेऊन, प्रोग्रॅम बनवणाऱ्या साहेबांच्या या ऑफिसात आले होते आणि सोफ्यावर बसून बिस्किटं खात होते.

"नव्या स्क्रीनचं दुखणं होतं खरं, पण ते आम्ही गेल्याच आठवड्यात काढून टाकलं," साहेब म्हणाले. "तरी दिसत नसेल तर काय बोलायचं? वयाप्रमाणे नजर कमी होते माणसाची."

हे दुखणं काढणारा प्रोग्रॅमर भिंतीला टेकून उभा होता. ऑफिसात त्याला सगळे जावई म्हणत, कारण त्याचे लाडच तसे चालत. त्याने नम्रपणे मान खाली घातली.

दाराशी त्याच ऑफिसातली प्रोग्रॅम तपासणारी बाई उभी होती. तिचं नाव चाळणी पडलं होतं. सगळं ठीक असल्याच्या पत्रावर सही करायला साहेबांनी तिला बोलावलं होतं. ती सही न करता आपल्या टेबलाकडे गेली. तिच्याकडेही तीच नवी, महागडी स्क्रीन होती. तिने तेच पान उघडलं. मुंग्या. झूम केलं. खाट क्रमांक गायब.

मग तिने जावयाने लिहिलेला कोड उघडला. दुरुस्ती शोधायला फार वेळ लागला नाही, कारण दुरुस्ती अशी नव्हतीच. एवढंच लिहिलं होतं की साहेबांच्या नावाने लॉगिन झालं तर अक्षर दीडपट करायचं आणि सगळे रकाने नीट बसवायचे. बाकी कुणाला काहीच करायचं नाही.

चाळणीने आजवर आळशी काम पाहिलं होतं, अडाणी काम पाहिलं होतं. हे पाहून मात्र तिला किळस आली. चुकीची कधी किळस येत नाही. चूक माणसाच्या हातून होतेच. इथे एकाने दुसऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकायला सुबक, नेटकं काम केलं होतं. साहेब खूश झाले की काम झालं, हा ऑफिसचा जुना रिवाज. तो आता यंत्रालाही शिकवून झाला होता.

ती परत आली तेव्हा साहेब सिस्टरला डोळ्यांच्या चांगल्या डॉक्टरचा पत्ता सांगत होते. सिस्टर मान डोलवत होती.

"सिस्टरच्या डोळ्यांना काही झालेलं नाही," चाळणी म्हणाली. "अक्षर फक्त साहेबांच्या लॉगिनला मोठं होतं. बाकी सगळीकडे जसं होतं तसंच आहे. माझ्या टेबलावर चला, दाखवते."

कुणी हललं नाही. साहेबांनी जावयाकडे पाहिलं, पण रागाने नाही. पोराने अभ्यास केला नाही म्हणून नव्हे, तर तो पकडला गेला म्हणून आईबाप पाहतात, तसं पाहिलं.

"तात्पुरती सोय केली होती," जावई म्हणाला. "सगळी पानं नीट बसवायची तर महिना जाईल. शेवटी पाहायला साहेबच बसतात, म्हणून आधी त्यांचं केलं."

"म्हणजे मला माहीतच नव्हतं बघा," साहेब हसत म्हणाले. ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं, तरी त्यांचं हसू काही ओसरलं नाही.

सिस्टरला सगळं कळायला जरा वेळ लागला. कळलं तशी तिच्या तोंडावर तरतरी आली. आता पुढचं एका माणसाच्या हातात होतं. ती अधीक्षकांकडे वळली.

"सर, ऐकलंत ना? मी पहिल्या दिवसापासून हेच सांगतेय."

अधीक्षकांनी बोटांवरचा चुरा झटकला. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग ते पुढे झुकले, पण सिस्टरकडे नाही, जावयाकडे.

"एकाच माणसापुरतं मोठं करता येतं?" त्यांनी विचारलं. "मलाही फार त्रास होतो हो त्या बारीक अक्षरांचा."

"लगेच करून देतो, सर," जावई भिंतीपासून सुटा होत म्हणाला. "तुमचं लॉगिन काय आहे?"