तळाचा आकडा

"रेषा नाचतेय," लुपे म्हणाली.

पडद्यावर पाण्याच्या खारटपणाची रेषा सरळ उतरायची सोडून करवतीच्या दात्यांसारखी हिसके देत होती. मोजणीयंत्रांचा पिंजरा समुद्रात सातशे मीटर खाली पोचला होता आणि अजून तीन हजार मीटर उतरायचा होता. होबार्ट बंदरातून निघाल्यापासून विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाच्या या पोरांनी उथळ पाण्यात बरेच फेरे केले होते. तळापर्यंत जाणारा फेरा मात्र हा एकच.

"बुडबुडे असतील. जातील आपोआप," डॉक्टर व्हिकरी म्हणाल्या. सफर त्यांच्या हाताखाली चालली होती, पण पडद्याकडे मान वळवायची तसदी काही त्यांनी घेतली नाही.

बुडबुडे कसले डोंबलाचे! इतक्या खोल बुडबुडे राहतात होय? लुपेनं मागे वळून बघितलं. दारात अँगस ओल्या कोटातच बिस्किट खात उभा होता.

"कपांची पिशवी कुठे बांधलीस?"

"पिंजऱ्याला."

"पिंजऱ्याला कुठे?"

"खाली, पंपापाशी. वर हात पुरत नव्हता. का, बाईसाहेबांची परवानगी काढायची होती?"

हे कप म्हणजे या जहाजावर येणाऱ्या प्रत्येक वर्गाची हौस. थर्माकोलच्या कपांवर नावं घालायची, चित्रं काढायची आणि जाळीच्या पिशवीतून ते पिंजऱ्याबरोबर तळाला धाडायचे. पाण्याच्या दाबानं आकसून ते सुपारीएवढे होऊन वर येतात, मग घरी नेऊन मिरवायचे. पिशवी वरच्या कडीला बांधा, पंपाचं तोंड मोकळं ठेवा, असं लुपे सकाळपासून कानीकपाळी ओरडत होती. आता पंप मोजणीसाठी पाणी ओढत होता तो त्या पिशवीतून.

आणि तिचा प्रकल्प होता तो नेमका तळाच्या थंड पाण्यावर. ते आकडे नाहीत तर विषयात नापास, शिष्यवृत्ती बंद आणि हातात घरचं, टोंगा बेटाचं तिकीट. निघताना अख्ख्या चर्चनं डुकरं भाजून तिला निरोप दिला होता. त्या माणसांना कोणतं तोंड दाखवायचं?

"पिंजरा वर घ्या," ती म्हणाली. "पिशवी काढून पुन्हा सोडू."

"वेड लागलंय का तुला? दुपारी वारं सुटणार आहे. दुसरा फेरा व्हायचा नाही," व्हिकरी म्हणाल्या. "रेषा नंतर गुळगुळीत करून घेता येते."

"जे मोजलंच नाही ते गुळगुळीत काय करणार?"

"जास्त बोलतेस तू."

लुपेनं वायरलेस उचलला. "थांब."

पिंजऱ्याचा दोर सोडणारा विंच थांबला. जहाजावरचा नियमच होता तसा. कोणीही, अगदी स्वैपाक्यानं जरी 'थांब' म्हटलं, तरी विंच थांबलाच पाहिजे. नियम केला होता तो माणसांचे हातपाय वाचावेत म्हणून.

खोलीत एकच कालवा झाला. "कोणाचं बोट अडकलंय गं?" अँगस तिच्या अंगावर आला. "का तिकडे बेटावर लहर आली की जहाजं थांबवतात? माझ्या भाच्याचा कप आहे त्यात!"

"डेस, चालू कर," व्हिकरींनी तिच्या हातातून वायरलेस हिसकावला.

पलीकडून विंचवाल्या डेसचा घोगरा आवाज आला. "ती थांब म्हणाली, मी थांबलो. आता पिंजरा वर आणून बघितल्याशिवाय खाली सोडायचा नाही. नियम जहाजाचा आहे, डॉक्टर. तुमचा नाही."

व्हिकरींनी वायरलेस टेबलावर आपटला. "दुसरा फेरा हुकला, तर सगळ्या वर्गाचं नुकसान तुझ्या डोक्यावर. मी स्वतः विद्यापीठाला तसं कळवीन."

"कळवा," लुपे म्हणाली.

पिंजरा वर आला. पंपाच्या तोंडाला पिशवी चिकटून बसली होती. लुपेनं चाकूनं ती कापली आणि अँगसच्या हातात दिली. आतले कप धड मोठे ना धड लहान, तोंडं वाकडी झालेले. कोणीतरी पिशवी पुन्हा वर बांधायची गोष्ट काढली.

"एकही कप जाणार नाही," ती म्हणाली. पंपाचं तोंड मोकळं झाल्याची तिनं बोटांनी चाचपून खात्री केली.

पिंजरा पुन्हा उतरू लागला. पोरं जेवून आली, तिच्यासाठी कोणी पावाचा तुकडादेखील आणला नाही. निम्म्या वाटेवर वाऱ्यानं जहाजाला धरलं आणि टेबलावरच्या वस्तू घरंगळायला लागल्या. कॅप्टननं दोनदा फोन करून अजून किती वेळ, असं खडसावलं. दोन्ही वेळा व्हिकरींनीच "थोडाच" म्हणून सांगितलं. आकडे आता त्यांनाही हवे होते.

पिंजरा तळाला टेकायला आला आणि लुपे पडद्यावर वाकली. रेषा स्वच्छ उतरली होती, एक हिसका नाही. अगदी खाली, थंड पाण्यात शिरताना ती हलकेच डावीकडे, कमी खारटपणाकडे वळली होती. दक्षिणेच्या बर्फाखालून आलेलं पाणी! लुपेला रडू फुटणार होतं, पण या लोकांपुढे? मुळीच नाही.

"सगळ्यांनी उतरवून घ्या," व्हिकरी म्हणाल्या. "प्रत्येकाच्या अहवालात हेच आकडे लागतील."

खुर्च्या सरकल्या. सकाळपासून तिच्याशी न बोललेली पोरं लॅपटॉप घेऊन तिच्या पाठीशी गोळा झाली. अँगस सगळ्यांत मागे होता, त्याला काही दिसेना.

"तळाचा आकडा काय आला?" त्यानं विचारलं.

लुपेनं वळून त्याच्याकडे पाहिलं.

"कपाला विचार," ती म्हणाली, आणि तिनं पडदा आपल्याकडे वळवून घेतला.