ॲडमिन शिफारस करत नाहीत

रुख्मिणीने सकाळीच येऊन पापडांचा डबा पूनमताईंच्या हातात दिला आणि वाकून नमस्कारच केला.

“अवं, हे काय,” पूनमताई मागे सरकल्या. “मी काई केलं नाई तुह्यासाठी.”

तेही खरंच होतं म्हणा. ‘आपलं जळगाव जामोद’ हा फेसबुकवरचा गट पूनमताई चालवत. डॉक्टर कोणता गाठावा, शेवया कोणाकडच्या घ्याव्यात, सारा तालुका तिथे विचारायचा. नवरा अंथरुणाला खिळला आणि रुख्मिणीने पापड लाटायला घेतले, तेव्हा याच ओट्यावर बसून ती विनवत होती.

“ताई, तुम्ही एक ओळ लिहान तं माहं घर उभं राहीन.”

“नाई लिहिनार. ॲडमिननं कोनाच्या मालाची शिफारस करू नाई, असा नियम हाय.”

“तुमच्या शब्दाले वजन हाय, म्हनून तं आली.”

“म्हनूनच मी तो कोनाच्या तराजूत टाकत नाई.”

एवढं बोलून त्यांनी तिने आणलेल्या पापडाचा तुकडा मोडला, उजेडात धरला, मग जिभेवर ठेवला. “पापडखार जरा कमी टाकत जा. अन् पीठ अजून कुटत जा.”

रुख्मिणीच्या अंगाचा तिळपापड झाला होता. मदत करायची नाही, वर अक्कल शिकवायची. पण घरी जाऊन तिने खार कमी केला, पीठ चांगलं कुटलं, आणि पापड असा फुलला की तिचं तिलाच नवल वाटलं.

पुढचं लोकांनीच केलं. खाल्लेल्यांनी गटावर लिहिलं, फोटो टाकले. प्रत्येक पोस्ट पूनमताईंच्या नजरेखालून जायची. रुख्मिणीच्या कौतुकाची एकही त्यांनी अडवली नाही. उलट ‘अन्नपूर्णा पापड’ची वाहवा करणारी एक पोस्ट त्यांनी उडवली. लिहिणारी विकणाऱ्यांच्याच घरातली आहे, एवढंच कारण त्यांनी नाव न घेता गटावर दिलं. अन्नपूर्णाची पाकिटं तेव्हा दुकानादुकानांत लोंबायची. मालक कोण, ते मात्र कोणाला ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून रुख्मिणीच्या मनातला राग गेला तो गेलाच.

“तुम्ही तवा हाव म्हनलं असतं, तं लोक म्हनले असते, ही ताईची मानूस हाय,” ती आता म्हणाली. “आता म्हनतात, पापड चांगला हाय. लय उपकार झाले, ताई.”

पूनमताईंनी डबा फिरवून पाहिला. झाकणावर ‘रुख्मिणीस, मामाकडून’ असं कोरलेलं होतं.

“अजून एक विचारू?” रुख्मिणी ओट्यावर टेकली. “खामगावच्या व्यापाऱ्यानं मोठी मागनी देली. हातानं होत नाई, मनगट सुजून राह्यलं. ही मागनी गेली तं पुन्हा कोन देते? ते अन्नपूर्णावाले धंदा बंद करून राह्यले म्हने. त्यांची मशीन विकाची हाय. दुकानदारानं पत्ता देला. घेऊ का? एवढं तरी सांगा.”

पूनमताईंनी ओट्यापुढच्या तुळशीचं एक पिवळं पान खुडलं.

“घे,” त्या म्हणाल्या. “मशीन चांगली हाय. दगा देनार नाई.”

रुख्मिणी हसली. “पाहा, आज ॲडमिननं नियम मोडला.”

“मोडला. गटावर सांगू नको. अन् डबा राहू दे इथं. रिकामा वापस देत नसतात.”

सायंकाळी रुख्मिणी टेम्पो घेऊन पत्त्यावर गेली. बाजारामागची अरुंद गल्ली, निळं शटर. आपला पापड चालला म्हणून यांचा धंदा बसला, या विचाराने तिला जरा कसंसंच झालं. तरी पूनमताईंचे मनातल्या मनात पुन्हा एकदा आभार मानून तिने हाक दिली.

शटर एका म्हातारीने वर केलं. आत मशीन पुसून लख्ख करून ठेवलेली होती.

“पैशाची घाई करू नको, सुनेनं सांगतलं हाय,” म्हातारी म्हणाली. “मले तं विकाचीच नव्हती, बाई. आमच्या पापडाबद्दल चार ओळी चांगलं लिहिलं होतं मी मोबाईलवर. तेही तिनंच पुसून टाकलं.”

रुख्मिणी मशीनवर हात ठेवून तशीच उभी राहिली.

“अन् हे घे. सून म्हने, रिकामा देऊ नाई.” म्हातारीने साखरेने भरलेला एक डबा पुढे केला. झाकणावर कोरलं होतं, ‘रुख्मिणीस, मामाकडून’.